परसातल्या माशांच्या टबाचे पाणी निवळते कसे

परसात एखादा मोठा टब मांडला, तळाशी वाळू पसरली, वॉटर लिलीची एक कुंडी बुडवली आणि आठ-दहा मासे सोडले की पहिले दोन-तीन दिवस पाणी इतके नितळ दिसते की तळाचा खडा न् खडा मोजता यावा. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यावर दुधट झाक येते. ती जाते न जाते तोच पंधरवड्यात पाणी हिरवे होऊ लागते आणि मासे खाण्यासाठी वर आले तरच नजरेला पडतात. अशा वेळी बहुतेक घरांत एकच उपाय केला जातो: सगळे पाणी उपसायचे, टब आतून घासून लख्ख करायचा आणि नळाचे ताजे पाणी भरायचे. दोन दिवस समाधान मिळते आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. यात मधूनमधून मासे मरतात आणि शेवटी ‘आमच्याकडे मासे जगत नाहीत’ असे म्हणून टबात तुळस किंवा पुदिना लावला जातो. हे मी अनेक घरांत पाहिले आहे आणि सुरुवातीच्या काळात स्वतःही केले आहे. म्हणूनच पाणी निवळण्याची क्रिया नेमकी कशी चालते आणि आपण ती अजाणता कशी मोडतो, हे जरा सविस्तर सांगावेसे वाटते.

सुरुवात शब्दांपासून करू. गढूळ, दुधट, हिरवे आणि चहासारखे तपकिरी या चार रंगांच्या पाण्यांना आपण सरसकट ‘घाण पाणी’ म्हणतो. त्यांची कारणे मात्र एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला अपायकारक ठरू शकतो. म्हणून टबात काहीही घालण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. काचेचा स्वच्छ ग्लास टबाच्या मधल्या थरातून भरून घ्यावा, मागे पांढरा कागद धरून रंग पाहावा आणि मग तो ग्लास खिडकीत, कोणी हलवणार नाही अशा जागी, रात्रभर ठेवावा. सकाळी तळाशी मातकट थर बसला असेल आणि वरचे पाणी स्वच्छ झाले असेल, तर प्रश्न मातीचा आहे. पाणी जसेच्या तसे दुधट असेल आणि मोबाइलच्या टॉर्चचा झोत त्यात धुक्यातल्यासारखा दिसत असेल, तर ते जिवाणूंचे काम आहे. हिरवा रंग तसाच टिकून असेल, तर पाण्यात तरंगणारे शेवाळ आहे. रंग तपकिरी पण पाणी आरपार दिसणारे असेल, तर तो केवळ पानांचा किंवा लाकडाचा अर्क आहे. या एका ग्लासाने निम्मे चुकीचे उपाय टळतात.

चौथ्या प्रकाराबद्दल फार सांगण्यासारखे नाही. वाळकी पाने, नवीन लाकडी ओंडका, नारळाचा काथ्या किंवा कुंडीत घातलेले कोकोपीट यांतून टॅनिन पाण्यात उतरते आणि पाण्याला चहाचा रंग येतो. माशांना त्याचा त्रास नसतो. शोभेचे मासे पाळणारे कितीतरी लोक देशी बदामाची वाळलेली पाने मुद्दाम पाण्यात टाकतात. रंग नकोच असेल तर कारण काढून टाकावे आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलत राहावे, महिन्याभरात तो फिका पडतो.

मातीच्या गढूळपणाचे शास्त्र मात्र समजून घेण्यासारखे आहे, कारण तेथे नुसत्या धीराचा उपयोग होतो की नाही हे कणांच्या आकारावर ठरते. पाण्यातला कण जितका बारीक, तितका तो हळू खाली बसतो आणि हा संबंध वर्गाचा असतो, म्हणजे कणाचा व्यास निम्मा झाला की बसायला चौपट वेळ लागतो. वाळूचा कण टबाच्या तळाशी काही सेकंदांत पोहोचतो. मिलिमीटरच्या दोन सहस्रांश व्यासाच्या चिकणमातीच्या कणाला ३० सेंटिमीटर खाली जायला जवळजवळ एक दिवस लागतो. त्याच्याही एक चतुर्थांश आकाराच्या कणाला सोळा पट, म्हणजे पंधरा-सोळा दिवस लागतात आणि तेवढ्या काळात मासा एकदा शेपूट हलवून गेला की तो कण पुन्हा वर. शिवाय चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि एकत्र येऊन जड होत नाहीत. देशावरची काळी माती या बाबतीत सर्वांत हट्टी आहे. ती ओली झाली की फुगते आणि तिचे कण अतिशय सूक्ष्म असतात. लिलीच्या कुंडीत ती जरूर वापरावी, कारण कंदाला ती मानवते. तिच्यावर धुतलेल्या जाड वाळूचा किंवा बारीक खडीचा दोन-तीन इंचांचा थर मात्र हवाच आणि कुंडी पाण्यात सोडताना तिरकी न करता सावकाश उतरवावी. गोल्डफिश माती उकरतात, म्हणून त्यांच्या टबात वरचा थर वाळूऐवजी मोठ्या गोट्यांचा असावा. वाळू तर पाणी अगदी स्वच्छ निघेपर्यंत बादलीत धुवावी, त्याला आठ-दहा वेळा पाणी बदलावे लागले तरी चालेल.

येथे घरातील वडीलधारी माणसे हमखास तुरटीची आठवण काढतात आणि त्यात तथ्य आहे. तुरटी फिरवली की तिच्यातील ॲल्युमिनियम मातीच्या कणांवरचा भार नाहीसा करते, कणांचे पुंजके होतात आणि गाळ खाली बसतो. आपल्याकडे निवळीच्या बिया माठाच्या आतल्या बाजूला उगाळून पाणी स्वच्छ करण्याची जुनी रीत आहे, तीही याच तत्त्वावर चालते. पण माठात मासे नसतात. तुरटी पाण्यात विरघळताना आम्ल तयार करते आणि पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता खर्च करते. ती क्षमता मुळातच कमी असेल, जशी कोकणातल्या जांभ्या दगडाच्या विहिरींच्या मऊ पाण्यात असते, तर सामू, म्हणजे पीएच, झपाट्याने उतरतो आणि त्या आम्लधर्मी पाण्यात विरघळलेले ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना इजा करते. तुरटी वापरायचीच असेल तर मासे सोडण्यापूर्वी, वेगळ्या पिंपात वापरावी आणि गाळ बसल्यावर वरचे पाणी टबात घ्यावे. मासे असलेल्या टबात तिचा खडा फिरवू नये, असे माझे ठाम मत आहे. बाजारात मिळणारी पाणी चमकवण्याची द्रावणेही बहुधा हेच पुंजके बांधण्याचे काम करतात. त्याने पाणी काही दिवस स्वच्छ दिसते, पण गढूळपणाचे कारण जागच्या जागी राहते.

आता दुधट पाण्याकडे येऊ, कारण नव्या टबाची खरी गोष्ट येथूनच सुरू होते. मासे खातात, उत्सर्जन करतात, न खाल्लेले दाणे तळाशी कुजतात. या सेंद्रिय पदार्थांवर जगणारे जिवाणू अनुकूल हवेत तासाभरातही दुप्पट होऊ शकतात. नव्या टबात त्यांना अन्न भरपूर मिळते आणि बसायला जागा, म्हणजे आधीपासून रुळलेले पृष्ठभाग, जवळजवळ नसतात, म्हणून ते पाण्यातच अब्जावधींच्या संख्येने तरंगू लागतात. आपल्याला दिसते ती पांढरी झाक त्यांचीच. बहुतेक वेळा ती तीन-चार दिवसांपासून आठवड्याभरात आपोआप ओसरते, कारण मोकळे अन्न संपते आणि उरलेले जिवाणू भिंतींना, खड्यांना, मुळांना चिकटून राहू लागतात. या काळात करायचे ते इतकेच: खाणे एक दिवसाआड आणि तेही चिमूटभर द्यावे, आणि एअर पंप चालू ठेवावा, कारण हे जिवाणू पाण्यातील प्राणवायू वापरतात.

त्याच वेळी, डोळ्यांना न दिसणारी आणखी एक क्रिया सुरू झालेली असते. मासे आपल्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतात. अमोनिया रंगहीन असतो, त्यामुळे आरशासारखे नितळ पाणी माशांसाठी जीवघेणे असू शकते. नव्या टबात पहिल्या आठवड्यात मरणारे मासे बहुधा अशाच स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात मरतात. जुन्या, रुळलेल्या टबात हा अमोनिया दोन पायऱ्यांत नाहीसा होतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो आणि नायट्रेट वनस्पती खत म्हणून शोषून घेतात. अमोनियाच्या अशा रूपांतरावर जगणारे हे जिवाणू रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. त्यांची अडचण एकच आहे, ते अतिशय सावकाश वाढतात. कुजक्या अन्नावरचे जिवाणू तासाभरात दुप्पट होत असतील, तर यांना त्यासाठी निम्मा ते एक दिवस किंवा त्याहूनही अधिक लागतो. म्हणून नवा टब स्थिरावायला साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडच्या उबदार हवेत ते काहीसे लवकर होते, थंडीत उशीर लागतो.

हे जिवाणू राहतात कोठे, या प्रश्नाच्या उत्तरात या लेखाचे मर्म आहे. ते पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते टबाच्या आतल्या भिंतीवर, खड्यांवर, स्पंजच्या छिद्रांत आणि मुळांच्या केसाळ जाळ्यात पातळ थर करून राहतात. महिनाभर जुन्या टबाच्या भिंतीवरून पाण्याखाली बोट फिरवून पाहा. तेथे बुळबुळीत लागते, काढलेल्या बोटावर फिकट तपकिरी-हिरवा साय-सारखा थर येतो आणि त्याला पावसात भिजलेल्या मातीसारखा वास असतो. हाच तो थर. पाणी निवळवण्याचे काम हा बुळबुळीतपणा करतो आणि आपण टब घासताना नेमका तोच काढून टाकतो. पाणी बदलल्याने या जिवाणूंचे फारसे नुकसान होत नाही. घासल्याने, आणि क्लोरीन असलेल्या नळाच्या पाण्याखाली स्पंज धुतल्याने, महिन्याची वाढ पाच मिनिटांत संपते आणि टब पुन्हा पहिल्या दिवसावर येतो.

अमोनियाची विषारी बाजू सामू आणि तापमान यांच्यावर अवलंबून असते, हेही ठाऊक असावे. पाण्यात तो दोन रूपांत असतो, एक घातक आणि एक बऱ्याच अंशी निरुपद्रवी. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियाच्या शंभर भागांतला जेमतेम अर्धा भाग घातक रूपात असतो, सामू ८ झाला की सुमारे पाच भाग आणि ९ झाला की पस्तीसहून अधिक. म्हणजे तपासणीच्या किटवर आकडा तोच दिसत असला तरी एका टबात मासे सुखरूप असतात आणि दुसऱ्या टबात तडफडतात. अमोनिया लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर गेल्यास पाव ते तिसरा हिस्सा पाणी त्याच दिवशी बदलावे आणि खाणे थांबवावे. पुढच्या टप्प्यात नायट्राइट वाढते, तेव्हा माशांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि त्यांचे कल्ले तपकिरी दिसू लागतात. अशा वेळी लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात खडे मीठ विरघळवून घातल्यास मिठातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरण्यापासून बऱ्याच अंशी अडवते. मीठ उडून जात नाही, म्हणून दर वेळी नव्याने न घालता फक्त बदललेल्या पाण्यापुरतेच घालावे.

या सगळ्या मापांसाठी टबात पाणी किती आहे हे ठाऊक हवे. गोल टबाच्या व्यासाची निम्मी लांबी मीटरमध्ये घ्यावी, तिला तिनेच गुणावे, मग ३.१४ ने आणि पाण्याच्या खोलीने गुणावे आणि आलेल्या उत्तराला १००० ने गुणावे. एक मीटर व्यासाच्या आणि ४० सेंटिमीटर पाणी असलेल्या टबात या हिशेबाने सुमारे ३१४ लिटर पाणी बसते. एवढ्या टबात पहिल्या महिन्यात सहा-आठ गप्पी किंवा मॉली पुरेत, गोल्डफिश असतील तर दोनच. दुकानात लहान दिसणारा गोल्डफिश वितभर वाढतो आणि त्याचे उत्सर्जनही त्याच मानाने वाढते.

हिरव्या पाण्याची तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि तिच्यावर पैसेही सर्वांत जास्त खर्च होतात. पाण्याला एकसारखा हिरवा रंग देणारे शेवाळ एकपेशीय असते. त्याच्या पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असतात, त्यामुळे त्या साध्या स्पंजमधून सहज निसटतात आणि गाळणी कितीही धुतली तरी रंग हटत नाही. या शेवाळाला दोनच गोष्टी लागतात: ऊन आणि खत. परसातला टब उघड्यावर असतो, मार्च ते मे या काळात त्याच्यावर दिवसभर कडक ऊन पडते, आणि नायट्रेट व फॉस्फेट यांचा पुरवठा माशांच्या खाण्यातून, कुंडीत घातलेल्या शेणखतातून किंवा गांडूळखतातून अखंड चालू असतो. शेततळ्यात रोहू-कटला पाळणारा शेतकरी हेच हिरवे पाणी मुद्दाम शेण घालून तयार करतो, कारण त्याच्या माशांचे ते अन्न असते. कोपरापर्यंत हात बुडवून तळवा दिसतो की नाही यावरून तो पाण्याचा दाटपणा जोखतो. म्हणजे हिरवे पाणी हा काही मुळात रोग नव्हे. मात्र लहान टबात ते दाट झाले तर धोका आहे. दिवसा हे शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषते, त्यामुळे दुपारी सामू ९ च्या आसपास जाऊ शकतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे तेवढ्यानेच अमोनिया घातक होतो. रात्री तेच शेवाळ श्वसनासाठी प्राणवायू ओढते. पहाटे पाच-साडेपाचला टबाजवळ जाऊन पाहावे. मासे पृष्ठभागाशी तोंड लावून हवा घेत असतील तर रात्री प्राणवायू संपत आल्याची ती खूण आहे. उन्हाळ्यात ही अडचण अधिक तीव्र होते. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच मावतो, आणि काळ्या प्लॅस्टिकचा टब मे महिन्याच्या दुपारी त्याहून बराच तापतो.

उपाय याच दोन गोष्टींवर करायचे असतात. टबावर पन्नास टक्के सावलीची हिरवी शेडनेट बांधावी, किंवा टब अशा ठिकाणी ठेवावा जेथे सकाळचे तीन-चार तास ऊन येऊन पुढे भिंतीची सावली पडते. लिलीला फुलण्यासाठी ऊन लागते, त्यामुळे पूर्ण अंधार करूनही चालत नाही. लिलीची पाने आणि तरंगत्या वनस्पती मिळून पाण्याचा निम्मा ते दोन तृतीयांश पृष्ठभाग झाकला जावा. सुरुवातीला लिलीची पाने कमी असतात, तेवढ्या काळापुरती अझोला किंवा गोंडाळ उत्तम काम करते. गुरांना घालण्यासाठी अझोला आता गावोगावी वाफ्यांत वाढवतात, तेथून ओंजळभर मिळाली तरी दोन आठवड्यांत टब झाकते. अशा वनस्पती खत शेवाळाच्या तोंडातून काढून घेतात, मात्र त्यांची वाढ दर आठवड्याला काढून टाकली तरच ते खत टबाबाहेर जाते. तशाच कुजू दिल्या तर सगळे पुन्हा पाण्यात. पाण्याखाली वाढणारी हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरिया लावल्यास तिची मुळे आणि पाने उपकारक जिवाणूंना जागाही देतात.

खाण्याच्या बाबतीत मी पुन्हा सांगेन, कारण येथे प्रेम आड येते. मासे माणूस दिसला की वर येतात आणि मुलांना दाणे टाकल्याशिवाय राहवत नाही. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे दिवसातून एकदा पुरते. घरात चार माणसे असतील तर दिवसाचे दाणे सकाळी एका लहान डबीत काढून ठेवावेत आणि डबी रिकामी झाली की त्या दिवसाचे खाणे संपले, असा नियम करावा.

शेवाळ खाण्यासाठी म्हणून दुकानदार अनेकदा सकर मासा देतात. तो भिंतीवरचे शेवाळ काही प्रमाणात खरवडतो, पाण्यात तरंगणारे हिरवे कण त्याला खाता येत नाहीत, आणि तो फूटभराहूनही मोठा होऊन टबाचा भार वाढवतो. मोरचूद घालण्याचा सल्लाही दिला जातो. तांबे शेवाळाला मारते हे खरे, पण मऊ पाण्यात ते माशांनाही मारते, गोगलगायींना तर हमखास, आणि एकदम मेलेले शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायू संपवते. यूव्ही दिवा मात्र प्रामाणिकपणे काम करतो. पंपाने ओढलेले पाणी बंद नळीत त्या दिव्याजवळून सावकाश गेले की शेवाळाच्या पेशी मरतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवा रंग जातो. खत तो कमी करत नाही, त्यामुळे दिवा बंद केला की रंग परत येऊ शकतो. ज्यांच्या अंगणात सावली करण्याची सोयच नाही त्यांनी तो जरूर बसवावा, आणि वीजजोडणी गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवर घ्यावी. भिंतीवर आणि खड्यांवर वाढणाऱ्या आखूड हिरव्या शेवाळाला हात लावू नये, ते टबाच्या बाजूने काम करत असते.

गाळणीसाठी फार खर्च लागत नाही. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर तीनशे लिटरच्या टबात थोड्या माशांना पुरतो. अधिक मासे असतील तर झाकणाच्या बादलीत खालून वर पाणी जाईल अशी रचना करून तिच्यात आधी जाड स्पंज आणि मग विटेचे धुतलेले तुकडे भरावेत. विटेच्या छिद्रांत जिवाणूंना भरपूर जागा मिळते. पंप असा निवडावा की टबातले सगळे पाणी तास-दोन तासांत एकदा त्यातून फिरेल. पंप दिवस-रात्र चालू हवा, कारण काही तास प्रवाह थांबला की आतले जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात. स्पंज तुंबला की टबातूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा पिळावा, इतकेच. कोणाच्या जुन्या, निरोगी टबातला स्पंजाचा एक तुकडा किंवा मूठभर खडे मिळाले तर ते आपल्या गाळणीत ठेवावेत. चार-सहा आठवड्यांचे काम त्यामुळे बरेच लवकर होते, आणि माझ्या मते नव्या टबाला याहून चांगली भेट नाही.

भरायच्या पाण्याचा विचार आता करू. नळाच्या पाण्यात टोकापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेले असावे, असे भारतीय मानक सांगते आणि पावसाळ्यात ते प्रमाण बहुधा वाढवलेले असते. ते माशांच्या कल्ल्यांना आणि आपल्या जिवाणूंना, दोघांनाही जाळते. पाणी उघड्या पिंपात दिवसभर उन्हात ठेवले की हे क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर माशांच्या दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीन, म्हणजे पूर्वी फोटो धुताना वापरायचे तेच हायपो, वेष्टनावरच्या मापाने घालावे. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण जमिनीखालून आल्यामुळे प्राणवायू फार कमी असतो. तेही काही तास हवेत खेळवूनच घ्यावे. ज्या बोअरच्या पाण्यात लोह असते ते हवा लागताच तांबूस गढूळ होते. तो गंज पिंपातच बसू द्यावा. पहिल्या दोन महिन्यांत आठवड्याला दहा ते वीस टक्के पाणी बदलणे योग्य, तेही तळाचा गाळ नळीने ओढून घेत.

सिमेंटचा नवा हौद असेल तर त्याची तऱ्हा वेगळी. ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो, सामू १० च्या पुढे जातो आणि भिंतींवर पांढरा थर धरतो. तो हौद दोन-तीन आठवडे पाण्याने भरून, तीन-चार दिवसांनी ते पाणी सोडून, पुन्हा भरून मुरवावा लागतो. केळीच्या खुंटाचे तुकडे त्या पाण्यात कुजवण्याची रीतही मत्स्यपालकांमध्ये आहे. सामू ८.५ च्या खाली स्थिर झाल्याखेरीज मासे सोडू नयेत, पाणी कितीही नितळ दिसले तरी.

पावसाळ्यात टबाच्या काठाखाली दोन बोटांवर एक भोक पाडून त्यावर बारीक जाळी लावावी, म्हणजे जोराच्या पावसात पाणी वाहून जाईल आणि मासे राहतील. छताच्या पन्हळीचे पाणी टबात येऊ देऊ नये. त्यातून माती येते आणि पावसाच्या मऊ पाण्याने टबातील पाणी एकाएकी पातळ होते. डासांच्या भीतीने महापालिकेचे आरोग्य कर्मचारी साठवलेली भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करायला सांगतात. मासे असलेल्या टबात गप्पी डासांच्या अळ्या खाऊन टाकतात, पण काठोकाठ माजलेल्या वनस्पतींच्या आड माशांना पोहोचता येत नाही. तेथे विरळणी करावी आणि शेजारी भरून ठेवलेल्या पाण्याच्या पिंपावर कापड बांधावे.

दर आठवड्याला टबातून काढलेले पाणी गटारात न ओतता कुंड्यांना घालावे. त्यात नायट्रेट असते आणि जास्वंदीला किंवा कढीपत्त्याला ते चांगलेच मानवते. फक्त मीठ घातलेल्या दिवसांतले पाणी झाडांना देऊ नये. काढलेली अझोला आणि गोंडाळ खताच्या खड्ड्यात जावी, ओढ्यात नव्हे. जलपर्णी ही दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती पवना आणि मुळा-मुठेच्या पात्रात दर वर्षी कशी माजते हे आपण पाहतोच, त्यामुळे ती टबात न आणलेलीच बरी. गप्पी फार वाढले तर ते दुसऱ्या टबवाल्याला द्यावेत किंवा दुकानात परत करावेत. नदीत, तळ्यात किंवा गावच्या विहिरीत सोडू नयेत, कारण तेथील स्थानिक माशांच्या पिलांचा घास तेच घेतात.